पेन्सिल परत करावी

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून ऑफिसात मस्करी बंद. एकदम बंद. बॅकअप टीममध्ये एक जागा पर्मनंट होणार आहे, असं रंगनाथ सर मीटिंगमध्ये म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या बाजूच्या पाण्याच्या मशीनकडे बघितलं, पण मशीनला कोण पर्मनंट करणार.

मोठं कामही मलाच दिलंय. आपली कंपनी लोकांचा जुना डेटा सांभाळते. दवाखाने, शाळा, पतसंस्था. तो सगळा एका जुन्या कपाटाएवढ्या मशीनमध्ये आहे, टेपांवर. टेपा म्हणजे टेपा नाहीतच. आत साध्या डिस्क आहेत, त्या टेप असल्याचं नाटक करतात, कारण पूर्वीच्या सॉफ्टवेअरला टेपच लागायची. व्हर्च्युअल टेप. इतकी वर्षं खोटं बोलून नोकरी टिकवलेलं मशीन आहे. मला त्याच्याबद्दल आदर आहे.

आता नवीन मशीन आलंय, दुसऱ्या कंपनीचं. त्याला जुन्याची भाषा कळत नाही. म्हणून एकेक टेप जुन्यावर उघडायची, आतलं बाहेर काढायचं, नव्यात भरायचं, मग नव्यात उघडून बघायचं की आलं का. नाजिमा म्हणाली, शेवटची स्टेप विसरू नकोस. नाजिमा माझी सीनियर. टोमणा मारताना तिचा चेहरा हलत नाही, त्यामुळे टोमणा होता का सूचना, घरी आल्यावर कळतं.

सूचना होती बहुतेक.

९ सप्टेंबर, मंगळवार

कालचा नियम उद्यापासून लागू.

आज सौमित्र नावाचा मुलगा जॉइन झाला. इंजिनिअर. आयकार्डवरच्या फोटोतसुद्धा घाबरलेला. असं गिऱ्हाईक समोर आल्यावर हात जोडून बसणं हा देवाचा अपमान. त्याला सांगितलं, व्हर्च्युअल टेप गुंतलीये, जुन्या कॅसेटसारखी पेन्सिल घालून फिरवावी लागेल, एचबीच पाहिजे. आणि हेड साफ करायचं लिक्विड पासोड्या विठोबाच्या देवळापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल.

गेला. खराडीहून बुधवार पेठेत, बसने, उन्हाचा. दुकानदाराने विचारलं, कोणत्या मशीनला. हा म्हणाला, व्हर्च्युअल. दुकानदार म्हणाला, मग बाटलीपण व्हर्च्युअलच घेऊन जा.

पेन्सिल मात्र खरी आणली. सगळे इतके हसले की सिक्युरिटीवाला आत आला. नाजिमा हसली नाही. म्हणाली, "योगेश, एक दिवस खरंच आग लागेल तेव्हा लोक तुला पाणी देणार नाहीत, टाळ्या देतील."

जळते माझ्यावर. तिलापण ती जागा पाहिजे असणार.

१५ सप्टेंबर, सोमवार

काहीतरी शिजतंय. नाजिमा, सौमित्र आणि सर काचेच्या केबिनमध्ये बसले होते. मी काचेजवळून सहज तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ते गप्प झाले आणि नाजिमाने पडदा ओढला.

माणूस पडदा कधी ओढतो? कट करताना.

सौमित्र बदला घेणार. त्याच्या डोळ्यांत दिसतं. आणि नाजिमा त्याला शिकवणार. तीन वर्षं जिच्या डब्यातली खिचडी मी हक्काने खाल्ली, तिने हे करावं. पण मला गंडवणं इतकं सोपं नाही. मी या धंद्यात शाळेपासून आहे. दहावीला मास्तरांच्या स्कूटरला नंबरप्लेट उलटी लावणारा मीच, आणि शोधकार्यात सगळ्यात पुढेपण मीच.

ठरवलं: आजपासून कोणावर विश्वास ठेवायचा नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

केली चाल. अपेक्षेप्रमाणे.

सकाळी मेल आला, मशीनच्या नावाने. "टेप वाचता आली नाही. कृपया तपासा." मी खुर्चीत मागे रेलून हसलो. टेप वाचता आली नाही म्हणे. आता म्हणतील पेन्सिल घाल. मेलच्या भाषेत जरासुद्धा खोडकरपणा नव्हता, यावरूनच ओळखलं. नवशिक्या माणूस फार सीरियस लिहितो.

दुपारपर्यंत तसलेच आणखी आठ-दहा. मेहनत घेतायत पोरं. मी एक नियम लावून टाकला, असले मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातील. फोल्डरचं नाव "एप्रिल फूल".

सौमित्र येऊन म्हणाला, योगेश सर, स्क्रीनवर लाल फुल्या येतायत. मी म्हटलं, फुल्या तर येणारच, बाळ, आणि डोळा मारला. तो गोंधळल्यासारखं करून गेला. ॲक्टिंग बरी आहे त्याची.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. शुभ दिवस म्हणून कामात सुधारणा केली.

लाल फुल्यांमुळे काम अडत होतं. प्रत्येक फुलीला थांबून ओके दाबायचं. सेटिंगमध्ये शोधलं तर एक चौकट मिळाली: एरर आली तर पुढे जा. टिक केली. खाली दुसरी चौकट: भरल्यावर उघडून तपासा. तिची टिक काढली. एवढंच. जे काम डिसेंबरपर्यंत जाणार होतं ते आता उडतंय. हिरवं, हिरवं, हिरवं. कोकणात गेल्यासारखं वाटतंय.

पहिली टेप मी स्वतः उघडून बघितली होती, त्या पहिल्या दिवशी. व्यवस्थित होती. तांदूळ शिजला का बघायला एकच शीत दाबतात. आई सगळा भात दाबत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शंभर टक्के.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, आपण एवढ्या लवकर कसं केलंत? सर सगळ्यांना आपण म्हणतात, पण आजचं आपण वेगळं होतं. मी म्हटलं, नियोजन. नाजिमा बाजूलाच होती. तिने हळूच विचारलं, "उघडून बघितलंस?" मी म्हटलं, बघितलं. खोटं नाही. किती, हे तिने विचारलं नाही.

मग म्हणाली, मी दोन-चार उघडून बघू का? म्हणजे श्रेयात वाटा पाहिजे. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, "ठेवलाय रे. म्हणून तर भीती वाटतेय."

याचा अर्थ अजून लागला नाही.

घरी आईला सांगितलं, जागा आपलीच. आई मूळची वाशीमची, कोथरूडमध्ये इतकी वर्षं राहून तिची भाषा जागची हललेली नाही. म्हणाली, "मंग आता सांगू ना रे सोसायटीतल्या बायांले?" मी म्हटलं, सांग. पंधरा मिनिटांत उल्काकाकू अभिनंदन करायला आल्या. त्यांची पूर्वा पण आली होती. तिने विचारलं, तू नक्की काय करतोस? मी म्हटलं, पुण्याचा भूतकाळ माझ्या हातात आहे. ती म्हणाली, बापरे. कौतुकानेच.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. ऑफिसात यंत्रपूजा. दरवर्षी सगळे आपापल्या लॅपटॉपला कुंकू लावतात आणि मग दिवसभर स्क्रीन पुसतात.

या वर्षी मी जुन्या मशीनची पूजा काढली. शुक्रवारी ते भंगारात जाणार, निरोप नको का. हळद, कुंकू, झेंडूचा जाड हार, वर नारळ. नव्वारी नेसवायची होती, पण सरांनी नको म्हटलं. मी दोन शब्द बोललो. म्हटलं, या मातेने जन्मभर टेप असल्याचं सोंग केलं आणि कोणाला कळू दिलं नाही. पोरं लोळली हसून. सौमित्रने मात्र खरोखरचा नमस्कार केला, डोळे मिटून. कच्चा आहे.

मशीन देण्याआधी आतल्या डिस्क पुसायच्या असतात, म्हणजे सगळा डेटा उडवायचा. पुसायला आख्खा दिवस जातो आणि सणाला कोण पुसत बसतं. "पुसले" अशी सही केली. भंगारवाला नाहीतरी घणानेच फोडतो.

भंगारवाल्याचं नाव विचारलं तर नाजिमा म्हणाली, कचरू. मी टाळी दिली तिला. म्हटलं, हे मात्र चांगलं होतं. ती म्हणाली, काय चांगलं होतं?

शेवटपर्यंत सोडत नाही ती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मशीन गेलं. न्यायला आलेल्या माणसाचं नाव खरंच कचरू आहे. आधार कार्ड बघितलं. कधीकधी योगायोग असतो.

काल आईने दसऱ्याला सोनं वाटताना सगळ्यांना "आमचा पर्मनंट" अशी माझी ओळख करून दिली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज त्यांनी हद्द केली. आणि मीपण.

अकराच्या सुमारास लँडलाइन वाजला. बाईंचा आवाज, वयस्कर, एकदम खणखणीत. "मी डॉक्टर सत्यशीला बोलते. सदाशिव पेठेतून. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं जुनं रेकॉर्ड आपल्याकडे असतं." पुढे म्हणाल्या, एका पेशंटचं शुक्रवारी ऑपरेशन आहे. त्याच्या डोळ्याचं अकरा वर्षांपूर्वीचं माप हवंय, ते मिळाल्याशिवाय आत घालायच्या भिंगाचा नंबर ठरत नाही. चुकला तर माणूस जन्मभर अंधुक बघेल. सकाळी तुमच्याकडून फाइल आली ती रिकामी आहे.

मी फोनवर हात ठेवून मागे बघितलं. नाजिमा जागेवर नव्हती. सौमित्र खाली मान घालून बसला होता. कळलं. हिची कोणीतरी मावशी असणार, किंवा याची आई. डिटेलिंग जबरदस्त. सदाशिव पेठ, अकरा वर्षं, भिंग. पण मी पण काही कमी नाही. गंभीर आवाज काढला. म्हटलं, मॅडम, आपली टेप गुंतली आहे.

"मग?"

म्हटलं, पेन्सिल घालून फिरवावी लागेल, आणि सध्या आमच्याकडे पेन्सिल नाही.

बाईंनी मग विचारलं, "कोणती?"

"एचबी."

"एक पुरेल?"

"पुरेल."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

हसल्यासुद्धा नाहीत. बाई जिथे कुठे नाटकात काम करत असतील, तिथे त्यांना बक्षीस द्यायला पाहिजे.

८ ऑक्टोबर, बुधवार

पेन्सिल आली.

दवाखान्याचा माणूस स्कूटरवरून घेऊन आला आणि थेट सरांच्या हातात दिली. पाकिटात घालून, टोक केलेली, टोकाला कापूस. सोबत चिठ्ठी. सरांनी मला केबिनमध्ये उभं करून वाचून दाखवली: "आपल्या कर्मचाऱ्याच्या मागणीप्रमाणे पेन्सिल एक नग पाठवली आहे. टेप सुटली की रिपोर्ट पाठवावा. शुक्रवारी ऑपरेशन आहे. काम झाल्यावर पेन्सिल परत करावी."

सर म्हणाले, "आपण पेन्सिल मागवलीत?"

मी अजूनही हसण्याच्या तयारीत होतो. वाटलं, आता पडद्यामागून नाजिमा येईल. ती आलीच, पण लॅपटॉप घेऊन. नव्या मशीनमधली दवाखान्याची टेप उघडून दाखवली. वर नाव बरोबर. आत काही नाही. दुसरी उघडली, शाळेची. नाव बरोबर, आत काही नाही. पतसंस्था. तेच. नव्या मशीनला जुन्याची भाषा कळली नाही की ते फुली दाखवायचं, मी पुढे जा सांगितलेलं, म्हणून ते नाव लिहून पुढे जायचं. शंभर टक्के नावं आली होती.

त्या हिरव्या खुणांनी माझा जो विश्वासघात केला, तसा माणूससुद्धा करत नाही.

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. नाजिमाने विचारलं, मेल आले नाहीत? मी फोल्डर उघडला. त्याचं नाव सरांनी वाचलं. मोठ्याने नाही, पण ओठ हलले.

मेल मशीननेच पाठवले होते. सगळे. खरे. म्हणजे मी सावध राहिलो म्हणून फसलो. गाफील राहिलो असतो तर वाचलो असतो. हा कुठला न्याय.

सर म्हणाले, जुनं मशीन? मी म्हटलं, कचरूकडे.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ

वाघोलीच्या पुढे कचरूची शेड. नाजिमा, मी, आणि कंपनीचा टेम्पो. वाटेत मीच विषय काढला. म्हटलं, केबिनमध्ये पडदा ओढून काय चाललं होतं, ते तरी सांग आता. जागा तुला पाहिजे होती ना?

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात दुसऱ्या टीमला चाललेय. माझी जागा रिकामी होतेय. तुझं नाव मी दिलं होतं. सर नको म्हणत होते, त्यांच्याशी भांडायला पडदा ओढला."

मग म्हणाली, खिचडीचा डबा उद्यापासून आणणार नाही.

मला सांगायला काय झालं होतं? इतका मोठा उपकार कोणी पडद्याआड करतं का? असं वागून तिने मलाच तिच्याविरुद्ध केलं. हे मी तिला म्हटलं नाही. ड्रायव्हर होता.

शेडमध्ये गेलो तर आमच्याकडून बरोबर नेलेल्या बाकीच्या जुन्या मशीनचा चुरा झालेला. जुनं कपाट कोपऱ्यात, आख्खं. हार वाळलेला, नारळ तसाच. मी कचरूला विचारलं, हे का ठेवलंत? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नवमीची पूजा केलेलं हाय. हळद दिसतीय अजून. असं लगेच घण घालत न्हाई आमी. दिवाळी झाली की नारळ फोडून मग बघू म्हनलं."

मी नाजिमाकडे बघितलं. म्हटलं, बघ, पूजा कोणी केली? ती म्हणाली, चेष्टा म्हणून केलीस. मी म्हटलं, देव हेतू बघत नाही. शिवाय डिस्क न पुसण्याची दूरदृष्टी कोणाची?

ती टेम्पोत पुढे जाऊन बसली. मला मागे बसवलं, मशीन धरायला. खड्ड्याखड्ड्याला नारळ डोक्यात येत होता.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल मशीन लावलं, सुरू झालं. गुणी आहे. माप मिळालं. दुपारीच दवाखान्यात पाठवलं. आज ऑपरेशन झालं, पेशंट बरा आहे, पट्टी उद्या सोडणार. सरांनी हे सगळं सांगितलं आणि माझं नाव कुठेही घेतलं नाही. एवढी मोठी गोष्ट वाचवली आणि साधं थँक्यू नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

जागा सौमित्रला दिली.

लिक्विड आणायला बुधवार पेठेत गेलेल्या माणसाला. सर म्हणाले, त्यांना सांगितलेलं काम ते पूर्ण करतात, एवढं तरी सिद्ध झालेलं आहे.

माझ्याबद्दल निर्णय असा की जुनं मशीन रिकामं होईपर्यंत मला ठेवायचं. सगळ्या टेपा पुन्हा, एकेक, उघडून तपासून. मशीन संपलं की मीपण.

आईला सांगितलं, पर्मनंटचं स्वरूप जरा बदललंय. आई म्हणाली, "काऊन रे, म्या बायांले आता काय सांगू?" मी म्हटलं, काही सांगू नको. ती म्हणाली, पूर्वाने सकाळीच विचारलं, भूतकाळ कसा आहे म्हणून.

रात्री जेवताना एक गोष्ट लक्षात आली. मशीन रिकामं होईपर्यंत नोकरी. मशीन लवकर रिकामं कशाला करायचं? दिवसाला एक टेप केली तर काही वर्षं निघतात. दोन दिवसांना एक केली तर मी इथूनच रिटायर होतो. नियोजन.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी बरी गेली. काम अतिशय काळजीपूर्वक चालू आहे. आज अर्धी टेप केली. प्रत्येक फाइल उघडून वाचतो. एका शाळेचे सत्तावीस वर्षांचे निकाल वाचतोय. नापास होणारा मीच एकटा नव्हतो, हे बघून बरं वाटलं.

नोंदी ठेवायला डॉक्टरीणबाईंची पेन्सिल वापरतो. पेन सौमित्र घेऊन गेला. पेन्सिल लिहायला गुळगुळीत आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सौमित्र जवळ येऊन बसला. आता तो योगेश म्हणतो, सर गेलं. म्हणाला, तुला एकट्याला त्रास होतोय, बघवत नाही, म्हणून शनिवार-रविवार बसून मी एक प्रोग्राम लिहिलाय. तो टेप उघडतो, भरतो, तपासतो, चुकलं तर थांबतो. तुला नुसतं बघायचं.

मी विचारलं, हा बदला आहे का? तो म्हणाला, कसला बदला? चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. मी बराच वेळ शोधलं.

मशीन चांगुलपणाच्या स्पीडने रिकामं होतंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची टेप झाली. मी स्वतः उघडून बघितली. सगळं आत होतं. कोणी विचारलं नाही, तरी बघितली.

सर म्हणाले, आपलं एक काम राहिलंय. म्हटलं, कोणतं? म्हणाले, चिठ्ठीत लिहिलंय.

निघताना नाजिमाच्या नव्या मजल्यावर गेलो. सॉरी म्हणायचं ठरवलं होतं, वाक्यपण तयार होतं. ती म्हणाली, खरं बोलतोयस का गंडवतोयस? मी म्हटलं, खरं. ती म्हणाली, "बघते उघडून," आणि परत स्क्रीनकडे वळली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सदाशिव पेठ. दवाखान्यात गेलो. नंबर लावायला लागला. माझ्या आधी डोळ्याला पट्टी लावलेले चार जण. आत बोलावल्यावर पेन्सिल टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती उचलली, चष्मा वर करून जवळ धरली. आता बोटाएवढी राहिलीये. मागचा भाग मी चावलेला होता, तोही त्यांनी बघितला.

"टेप बरीच गुंतली होती वाटतं," म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

मग त्यांनी पोच लिहून दिली, सही-शिक्क्यानिशी: "पेन्सिल एक, आखूड, परत मिळाली." कंपनीने एक्स्पिरियन्स लेटरचं बघू म्हटलंय. तोपर्यंत तीन वर्षांच्या नोकरीचा कागद म्हणून माझ्याकडे हाच आहे. आईने फ्रेम करायचं का विचारलं. डॉक्टरी अक्षर तिला वाचता आलं नव्हतं, शिक्का बघितला फक्त.